देवानं जग कामून केलं?

नरहररावांच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे वाक्य छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत एकदाही निघालं नव्हतं. निवृत्त झाल्यावर कानडी मुलखातल्या हुलसूरच्या मारुतीच्या देवळात ते दर श्रावणात पोथी वाचायला लागले, त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. बसायला उंच पाट, गळ्यात झेंडूचा हार आणि समोर चाळीस-पन्नास डोलणाऱ्या माना. असलं सुख पेन्शनीत नसतं.

या सुखातला खडा म्हणजे राजूअक्का. सत्तरी ओलांडलेली शेतकरीण, अक्षरशत्रू, आणि बसायची मात्र बरोबर पहिल्या ओळीत, खांबाला टेकून. देवाची ओळख करून घ्यायची तर अगदी मुळापासून, असं गुरुजींनी यंदा मनावर घेतलं आणि पुराणातली सृष्टीची उत्पत्ती काढली. तिथंच फसले. अवतारांच्या गोष्टी लोकांना पाठ असतात, त्यात कुणी मध्ये बोलत नाही. पण जग नव्हतं तेव्हाचं कुणी पाहिलंय? राजूअक्काला रान मोकळं सापडलं.

पहिल्या दिवशी गुरुजींनी सांगितलं की सगळीकडे पाणीच पाणी होतं, त्यावर शेष, शेषावर नारायण, त्यांच्या बेंबीतून कमळ आणि कमळात ब्रह्मदेव. आपण आलो कुठून, हे शोधायला ब्रह्मदेव कमळाच्या देठातून खाली उतरले. शंभर वर्षं उतरत होते.

"शंभर वरसं?" राजूअक्का म्हणाली. "मग वरूनच 'अप्पा' म्हनून हाक कामून मारली न्हाई?"

दुसऱ्या दिवशी दातांवर पृथ्वी उचलणारा वराह अवतार आला. ऐकायला येणाऱ्या भागम्माला मराठी बेताचंच, तिनं 'वराह म्हणजे काय' असं विचारलं. गुरुजींनी तिच्यासाठी कानडीत 'हंदी' म्हणून सांगितलं. हंदी म्हणजे डुक्कर. पण विजयश्री ही गावातली नवी सून निलंग्याकडची, तिला कानडीचा गंध नाही, तिनं 'हंडी' ऐकलं. तिसऱ्या दिवशी देवळापुढं तिची रांगोळी होती: एक मोठी हंडी, आणि हंडीच्या काठावर पृथ्वी. राजूअक्का रांगोळीपुढं बराच वेळ हात जोडून उभी राहिली आणि मग गुरुजींना म्हणाली, "दात तेवढे काढायचे ऱ्हायलेत बगा."

लोक हसले. गुरुजींचे कान लाल झाले. त्या तिरमिरीतच ते वाचायला बसले, आणि त्याच दिवशी राजूअक्कानं तो प्रश्न टाकला.

"गुरुजी, देवाला काय कमी होतं का?"

"काहीच नाही. तो पूर्ण आहे."

"मग त्यानं हे जग कामून केलं?"

गुरुजींनी पोथीतलं उत्तर दिलं. देव एकटा होता, त्याला करमेना, म्हणून त्यानं जग केलं.

"एकटा कुटं? लक्ष्मी पाय चेपायली होती, असं तुमीच सांगितलाव की."

देऊळभर हशा पिकला. गुरुजींच्या बायकोनं, सुशीलाबाईंनीही तोंडाला पदर लावला. तो पदर मात्र गुरुजींना झोंबला. त्यांनी पोथी खाडकन मिटली आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "समाप्तीच्या दिवशी उत्तर देईन. नाही देता आलं, तर पुढच्या श्रावणापासून या पाटावर बसणार नाही."

बोललेला शब्द मागं घेता येत नाही, आणि मागच्या ओळीत रविकुमार टपूनच बसला होता. त्याचा मंडपाचा धंदा. मोबाइलवर मोठमोठ्या महाराजांचं वाचन मिळतं, लाऊडस्पीकर लावला की काम भागतं, माणूस कशाला पाहिजे, हे तो दोन वर्षं पंचांच्या कानी घालत होता. देवळाचे पंच तानाजीअप्पा म्हणाले, "ठरलं म्हना की मग." गुरुजींना घरी जाताना पायऱ्या नीट दिसल्या नाहीत.

हातात पाच दिवस होते. त्यांनी आधी बेंगळुरूला मुलाला फोन लावला. विजयेंद्र इंजिनिअर. त्यानं महास्फोट समजावून सांगितला, तारे कसे झाले, पृथ्वी कशी निवली. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी ते देवळात जसंच्या तसं मांडलं.

राजूअक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. "हे कसं झालं ते झालं, गुरुजी. सिलिंडर फुटला हे कळलं. पन सैपाक कुनासाठी मांडला व्हता?"

मग त्यांनी भालकीच्या एका शास्त्र्यांना गाठलं. शास्त्रीबुवा म्हणाले, जीवांना आपल्या कर्माची फळं भोगता यावीत म्हणून सृष्टी. गुरुजी खूश होऊन आले.

"जगच नव्हतं तर जीवानं कर्म केलं कुटं?" राजूअक्का म्हणाली.

"कर्म अनादि आहे."

"अनादि म्हंजे?"

"ज्याची सुरुवात सांगता येत नाही असं."

"म्हंजे शास्त्रीबुवालाबी ठावं न्हाई."

समाप्तीच्या आदल्या दिवशी गुरुजी ताटावर बसूनही पोथीच चाळत होते. सुशीलाबाई म्हणाल्या, "जाऊन तिचे पाय धरा. बाईमाणूस आहे, विरघळेल." पाय धरायचे नाहीत, पण समजूत घालायची, असं घोकत ते दुपारी तिच्या घरी गेले.

राजूअक्का पडवीत पाय पसरून कौदी शिवत होती. कौदी म्हणजे आपली गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरले होते आणि मधल्या थरावर ती हिरव्या चिंधीचा पोपट टाचत होती. लाल चोच, गळ्याला काळा दोरा, डोळ्यात मणी. बोलायचं कुठून, हे गुरुजींना सुचेना, म्हणून त्यांनी पोपटाचीच चौकशी केली.

"नातवासाठी का?"

"न्हाई. त्येला बलांकेट लागतंय."

"मग विकायला?"

"कौदी कोन इकत घ्यायलंय आता?"

"पण यावर अजून एक लुगडं येणार ना? मग पोपट झाकून जाईल."

"जाईल की."

"कुणालाच दिसणार नाही?"

"न्हाई."

"अहो, मग कामून करायलाव?"

"सुम्ने," राजूअक्का म्हणाली आणि दाताखाली दोरा तोडला.

सुम्ने हा कानडी शब्द या भागात दिवसातून शंभरदा ऐकू येतो, मराठी घरांतसुद्धा. मराठीत त्याला 'उगाच' म्हणावं, तर उगाचमध्ये थोडा रिकामटेकडेपणा येतो, कुणीतरी रागावल्यासारखं वाटतं. सुम्नेला तसला डाग नाही. मनात आलं, केलं, बास. वर्गात पोरांना 'सुम्ने', म्हणजे 'गप', असं दटावायलाही गुरुजी हाच शब्द वापरायचे. छत्तीस वर्षं तोंडात होता, अर्थ आज कळला. काही न मागता ते उठले आणि इतक्या घाईनं निघाले की चप्पल उलटी घातली.

समाप्तीला देऊळ फुटेस्तोवर भरलं. रविकुमारनं आधीच एक स्पीकर आणून कोपऱ्यात ठेवला होता, नुसता बघायला म्हणून. गुरुजींनी हार घातला, पाटावर बसले, घसा खाकरला.

"देवानं जग सुम्ने केलं," ते म्हणाले. "त्याला काही कमी नव्हतं, काही मिळवायचं नव्हतं, कुणाला दाखवायचंही नव्हतं. जो पूर्ण आहे, तोच सुम्ने करू शकतो. पोथीत याला लीला म्हटलंय."

भागम्मा मोठ्यानं 'हौदु', म्हणजे 'होय', म्हणाली. तिला पहिल्यांदाच सगळं कळलं होतं. माना डोलायला लागल्या. तानाजीअप्पांनी रविकुमारकडं पाहून हात हलवला, स्पीकर ने म्हणून. गुरुजींना वाटलं, आपण वाचलो.

"बराबर हाय," राजूअक्का म्हणाली. "कुटं घावलं?"

खोटं बोलायला हरकत नव्हती, तिच्या पडवीतलं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पण सुशीलाबाई समोर बसल्या होत्या. "तुमच्या पडवीत," गुरुजी म्हणाले.

"मग ह्ये आखरीचं सांगा. तुमी पोथी कामून वाचताव?"

'सुम्ने' अगदी ओठावर आलं. पण गळ्यातला हार एकाएकी जड लागला. गेल्या वर्षी हार लहान होता, म्हणून हाच माणूस दोन दिवस पुजाऱ्याशी बोलला नव्हता. मारुतीसमोर तो शब्द काही बाहेर पडेना. गुरुजींना स्वतःची अशी लाज वाटली की जमीन दुभंगावी.

"मानासाठी," ते म्हणाले, आणि हार काढून पाटावरून खाली उतरले.

कुणी हसलं नाही. तानाजीअप्पा छताकडं बघायला लागले. स्पीकर उचलून निघालेला रविकुमार दारातच थांबला.

"कुटं निघालाव? बसा," राजूअक्का म्हणाली. "आमी तरी पुन्यासाठी कुटं येताव? तुमी आडखळलाव की लई ग्वाड वाटतंय, म्हनून येताव. त्या डब्याला काय इचारायचं?"

सगळ्यात आधी सुशीलाबाई हसल्या, तेही पदर न लावता. मग सगळं देऊळ. गुरुजींना राग यायला पाहिजे होता, पण तेही हसले. ते पाटावर चढले नाहीत. राजूअक्काशेजारी सतरंजीवर बसले, पोथी मांडीवर घेतली, शेवटचं पान काढलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघत थांबले.

"वाचा की," ती म्हणाली, "कुनी आडवलंय?"