सुमंगलाबाईंचं बोलणं

धारला शूटिंगसाठी आलेली विनोदिनी नावाची नटी चार दिवस सुमंगलाबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. हिंदी सिनेमात तिला धारच्या मराठी बाईचं काम होतं, आणि इथली बोली हुबेहूब उचलायची होती. सुमंगलाबाई पोळ्या लाटताना बोलत राहिल्या. तिचा टेपरेकॉर्डर चालू होता, नजर त्यांच्या ओठांवर.

२००१ साली सिनेमा लागला तेव्हा त्या देवासला लेकीकडे, अवंतीकडे होत्या. शेजारणींना घेऊन सगळ्या थेटरात गेल्या. विनोदिनी पडद्यावर आली आणि म्हणाली, "फाणी आणा. वाहेर फाहुणे वसलेत."

थेटर हसलं. मागून कुणी म्हणालं, "धार में ऐसा कौन बोलता है, भिया?"

सुमंगलाबाईही हसल्या. मग पुढची वाक्यं आली. 'प'चा फ, 'ब'चा व, आणि बोलताना ओठांचा डावा कोपरा जागचा हलत नव्हता. सहा वर्षांपूर्वी त्यांना तोंडाचा लकवा झाला होता. महिन्याभरात सगळं पूर्ववत झालं, असं घरचे म्हणाले, आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. तेव्हापासून किती हळदीकुंकवांत त्यांनी आग्रहाखातर गाणी म्हटली होती!

"मी अशी बोलते?" त्यांनी विचारलं.

अवंतीची मान खाली होती. "बाबांनी सांगितलं होतं, आईला कळू द्यायचं नाही."

दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. हवं-नको खुणेनं सांगत. तिसऱ्या दिवशी एसटीडी बूथवर जाऊन त्यांनी विनोदिनीला फोन लावला. ती खुशीत होती. तिच्या माळवी ढंगाचं पेपरात कौतुक छापून आलं होतं. सुमंगलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, ती धारची बोली नव्हे. तो माझा लकवा आहे."

पलीकडून रडणं ऐकू आलं. सुमंगलाबाईंनीच तिची समजूत घातली, की चूक तिची नव्हे; पुढच्या वेळी मात्र चार घरं ऐकायची.

न्यायला आलेल्या कृष्णरावांना बायकोकडे बघवेना. "तू खचली असतीस," एवढंच ते म्हणाले. त्यावर सुमंगलाबाई त्यांना घेऊन आधी डॉक्टरांकडे गेल्या. उशीर झालाय, डॉक्टर म्हणाले, पण व्यायामानं थोडा फरक पडेल. तेव्हापासून त्या रोज सकाळी आरशासमोर बसू लागल्या, आणि चुकलेलं प्रत्येक अक्षर दाखवून द्यायचं काम कृष्णरावांकडे आलं.