माझ्या झाकणावरची पट्टी

मी एक जुनी प्रथमोपचाराची पेटी आहे. खोकी बनवणाऱ्या कारखान्यात, पुठ्ठा कापायच्या यंत्राशेजारी मी भिंतीवर टांगलेली असते. मला पांढरा रंग लागला, पोटात कापूस आणि औषधं भरली आणि लगेच कामाला जुंपलं. दोन दिवसांआड कुणाचं तरी बोट कापायचं आणि मी उघडायचे. मिरवत नाही, पण माझ्यावाचून तिथे पान हलत नसे.

एकदा मुकादमांनी माझ्या झाकणावर, मला उघडलं की फाटेल अशी, कागदाची पट्टी चिकटवली. "महिनाभर ही फाटली नाही, तर प्रत्येकाला लॉटरीचं तिकीट." लोकांनी जपून काम करावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

मित्रांनो, पहिल्याच महिन्यात माझं कौतुक झालं. पट्टी शाबूत होती. सगळ्यांनी तिकिटं खरवडून पाहिली. खळ लावणारा एकजण तर बक्षिसाच्या पैशांत मनातल्या मनात घर बांधून बसला, म्हणून त्याचं नाव लखपती पडलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पातं मात्र तेच होतं. बोटं कापतच होती, फक्त लोक ती रुमालात लपवत होते. बसल्या जागी मिळालेल्या त्या कौतुकाची मला लाज वाटायची.

पुढच्या महिन्यात कापणीवरच्या मावशींचं बोट कापलं, तर त्यांनी नऊ दिवस हात लपवला. आपल्यामुळे बाकीच्यांचं तिकीट जाऊ नये म्हणून. बोट चिघळलं आणि शेवटी डॉक्टरांना ते पेरभर कापावं लागलं.

त्या कामावर परतल्या तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी कापलेला पुठ्ठा उचलताना लखपतीचा अंगठा पात्यात आला. त्याने हात खिशात घातला. खिसा लाल होऊ लागला, तसे सगळे खाली मान घालून काम करू लागले. मावशी उठून सरळ माझ्यापाशी आल्या.

"मावशी, राहू द्या. आजचाच तर दिवस आहे," लखपती म्हणाला.

"अंगठाच गेला तर तिकीट खरवडशील कशानं?"

त्यांनी झाकणाला असा हिसका दिला, की पट्टीबरोबर माझी बिजागरीही वाकली.

मुकादम धावत आले. "सगळ्यांचं तिकीट घालवलंत तुम्ही."

"गेलं तर गेलं. आमची काळजी आहे ना? मग पात्याला जाळी लावा. तोवर मी यंत्राला हात लावणार नाही."

अंगठ्याला पट्टी बांधून लखपती त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मग एकेक जण काम सोडून उठला. चौथ्या दिवशी जाळी बसली.

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी तुमच्या शाळेतही असेल. ती भरलेली ठेवा, आणि ती बंद राहिली म्हणून कुणाला बक्षीस देऊ नका. माझी बिजागरी अजून वाकडीच आहे. मुकादम एकदा ती सरळ करायला आले होते. मावशींनी पेरभर बोट गेलेल्या त्याच हातानं त्यांना अडवलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "झाकण नीट बसलं, की पट्टी लावावीशी वाटते."