चिंध्यांचा धूर

बिश्केकच्या उत्तरेला, जिथे शहराचा गॅस अजून पोचला नव्हता, त्या वस्तीत ओमुरबेकचा हमाम होता. गल्लीत कुणाच्या घरी न्हाणी नव्हती, त्यामुळे शनिवार उजाडला की बायका घमेली, टॉवेल आणि पोरं घेऊन त्याच्या दाराशी उभ्या राहायच्या. ओमुरबेक मनाने वाईट नव्हता. म्हाताऱ्यांना तो आधी आत सोडी, कुणाकडे साबण नसला तर आपला देई. पण कोळसा महागल्यापासून तो भट्टीत शिवणाच्या कारखान्यातल्या चिंध्या जाळू लागला होता. त्या फुकट मिळायच्या आणि भडाभडा पेटायच्या. धूर मात्र काळा आणि चिकट निघायचा, घशात बसला की दिवसभर उतरायचा नाही.

त्याची मुलगी बेगायिम पंधरा वर्षांची. धावण्यात शाळेत पहिली यायची. त्या हिवाळ्यात मात्र मैदानाची एक फेरी झाली की गुडघ्यांवर हात टेकून खोकत बसायची. अर्धा वर्ग तसाच खोकत होता. शेवटी मुलांनीच शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या खिडकीबाहेर हवा मोजणारी एक पांढरी डबी लावली. हवा बिघडली की फोनवर लाल रंग दिसे, फारच बिघडली की जांभळा. दर शनिवारी पहाटे जांभळा दिसायचा.

मग शाळेत वस्तीची बैठक भरली. वस्तीप्रमुख जुमागुल, सगळ्यांची एजे म्हणजे ताई, तोंडाने फटकळ बाई. तिने ओमुरबेकला मानाने पहिल्या बाकावर बसवलं आणि सगळ्यांना सुनावलं, "पोरं खोकून खोकून अर्धी झाली. कोण काय जाळतंय, आज मला कळलंच पाहिजे!"

मागून कुणीतरी म्हणालं, "रबर जळल्यासारखा वास येतो, आमच्याच बाजूने." दोन-चार माना ओमुरबेककडे वळल्या, निदान त्याला तरी तसं वाटलं. विचार करायच्या आत तो बोलून गेला.

"गल्लीच्या टोकाला ती नवी बाई राहते ना, अनारकान. चिंध्या जाळते ती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

अनारकान दाराशीच उभी होती. नवरा गेल्यावर नारीनकडच्या गावाहून लेकीला घेऊन आलेली, बाजारात भांडी घासून पोट भरणारी. तिने एकदा ओमुरबेककडे पाहिलं. हिवाळ्याच्या तोंडाशी चिंध्यांच्या गोण्या त्यानेच तिच्या दारात नेऊन टाकल्या होत्या. "घ्या एजे, माझ्याकडे ढीग पडलाय," असं म्हणाला होता, आणि तिने त्याला 'बायके', म्हणजे दादा, म्हणत त्याच्या घरादाराला तोंड भरून दुवा दिला होता.

"बायके म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "मी जाळते."

एवढंच. गोण्या कुणी दिल्या, ते तिने सांगितलं नाही.

"गावाकडून यायचं आणि आमच्या पोरांच्या छातीत काजळी भरायची!" जुमागुल कडाडली. "लाज नाही वाटत?" अनारकानने ओढणी सारखी केली आणि मान खाली घातली. ओमुरबेकची नजर लेकीला शोधत गेली. बेगायिम फळ्यापाशी, डबीचे रंग दाखवायला हातात फोन धरून उभी होती. तिला गोण्यांचं ठाऊक होतं, एका गोणीचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं. तिने बापाकडे पाहिलंच नाही.

पुढच्या शनिवारी ओमुरबेकने नेहमीप्रमाणे भट्टी पेटवली. सकाळी तो पाव खायला बसला तेव्हा बेगायिमने त्याच्या पुढ्यात फोन ठेवला. जांभळा.

"अनारकान एजेंची शेगडी बैठकीपासून पेटलेली नाही, बाबा," ती म्हणाली आणि दप्तर उचलून निघून गेली.

त्याने हातातला पाव खाली ठेवला. दुपारी तो अनारकानच्या खोलीवर गेला. आत बाहेरच्याइतकीच थंडी होती. तिची सहा वर्षांची लेक आयझान कोट, टोपी, मोजे सगळं घालून पांघरुणात बसली होती. अनारकानने घाईघाईने विजेच्या किटलीत पाणी तापवलं, चहा ओतला आणि उलट तीच ओशाळून म्हणाली, "घर गार आहे बायके, माफ करा."

"एजे," त्याने कसंबसं विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"दुसऱ्या कुणी तेवढंही दिलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमचं नाव घ्यायला जीभ वळली नाही."

तेवढ्यात आयझानने पांघरुणातून डोकं काढलं. "काका, गोण्या देणारे ते तुम्हीच ना? आता का नाही आणत?"

चहा तसाच टाकून तो उठला.

पुढच्या शनिवारी त्याने भट्टी पेटवली नाही. दाराशी रांग लागली. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून तो बाहेर आला, पण इतके चेहरे पाहून त्याचं अवसान गळालं. "बॉयलर बिघडलाय," तो म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचीच किळस आली.

बायका कुरकुरत परत फिरू लागल्या. जुमागुलने मात्र मान वर करून दक्षिणेकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांनी डोंगर दिसत होते, बर्फासकट लख्ख. "बघा!" ती खुशीत म्हणाली. "त्या बाईला चारचौघांत झापलं, त्याचा गुण आला की नाही? अशा लोकांना तीच भाषा कळते."

"नाही एजे." ओमुरबेकचा आवाज चिरकला. "बॉयलर धड आहे. धूर माझा आहे. चिंध्या मीच जाळतो, आणि तिलाही मीच दिल्या होत्या. तिने माझी अब्रू झाकली, आणि मी तिची घालवली."

जुमागुलचा चेहरा लालबुंद झाला. "मी तुला पहिल्या बाकावर बसवलं होतं रे," ती हळूच म्हणाली. फटकळ बाई हळू बोलली, तेच त्याला जास्त लागलं. एक म्हातारी पुटपुटली, "वास तर आम्हालाही यायचा. गरम पाणी मिळतंय म्हणून आम्हीही गप्पच." आपापली घमेली काखेला मारून बायका पांगल्या.

जुमागुल तशीच अनारकानच्या दारी गेली. आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. ओमुरबेकने हमाम महिनाभर बंद ठेवला, मग चांगला कोळसा आणून आठवड्यातून एकच दिवस उघडू लागला. धूर थोडा कमी झाला, संपला नाही. बाकीच्या घरांतही जे मिळेल ते जळतच होतं. काही बायका दुसऱ्या वस्तीतल्या हमामात जाऊ लागल्या. अनारकान तर पुन्हा कधी आलीच नाही. त्याने तिच्या दारात ठेवलेला कोळसा तिने लेकीसाठी ठेवून घेतला. रस्त्यात भेटली की "बरंय ना बायके?" एवढं विचारायची आणि पुढे जायची. दुवा दिला नाही.

एका संध्याकाळी बेगायिम भट्टीतली राख काढायला त्याच्या मदतीला आली. दोघं फावडी मारत होती.

"तू बोलत नाहीस माझ्याशी," तो म्हणाला. "माझ्यावरचा राग अजून गेला नाही का?"

"राग नाही, बाबा." खोकल्याची उबळ आली, म्हणून ती भिंतीला टेकून थांबली. "तुम्ही निदान नंतर तरी बोललात. मला त्या बैठकीतच सगळं ठाऊक होतं, फोन माझ्याच हातात होता. आणि मी गप्प बसले. आता आयझान शाळेच्या वाटेवर दिसली की मी गल्ली बदलते."

त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. पण हात राखेने बरबटले होते. त्याने बादली उचलली आणि तो बाहेर गेला.