ओहोटीचा रविवार

"आत्या, सिनेला जाड सुई टोचू देऊ नकोस. काही झालं तरी."

लुपे हे उशीवरून मान न उचलता म्हणाली होती. सिझेरियनसाठी तिच्या पाठीत भुलीची सुई टोचली ती जाड होती. बारीक संपल्या होत्या. भोकातून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं. आडवी असली की बरी, उठून बसली की डोकं फुटायचं.

"निजली की दुखत नाही, उठली की दुखतं!" तिची सासू फुसी वॉर्डभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "असलं सोयीचं दुखणं आमच्या वेळी नव्हतं बाई."

रविवारी तिला आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला नवी चटई बांधून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवली, मांडीवर बाळ. मी नको नको म्हणत राहिले. स्तोत्र संपायच्या आत तिला झटके आले. मेंदूशी रक्त साकळलं होतं. असं फार क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. आमच्या घरात झालं. त्यातच ती गेली.

आता तिची धाकटी बहीण सिने त्याच खाटेवर. मूल आडवं, उद्या सकाळी सिझेरियन.

"बारीक सुयांचा डबा जहाजवाल्यांनी चुकून पलीकडच्या बेटावर उतरवला," डॉक्टर विलियामी म्हणाले. "आज रविवार; देवाच्या वारी आपल्याकडे बोट कोण काढणार? आणि जाड सुईनं सगळ्यांनाच त्रास होत नाही, सिस्टर."

"आणून दिल्या तर वापराल?"

"का नाही वापरणार?"

सिनेनं माझा हात धरला. "आत्या, तू तर रविवारी चूलही पेटवत नाहीस."

"चूल कुठं पेटवतेय? ओहोटीत चालत जायचंय."

"समुद्रातून? या वयात?"

"मिठात खारवलेलं टिकतं ग."

ती हसली नाही. मीही नाही.

दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा पाणी ओसरून प्रवाळाची पाठ उघडी पडत होती. रस्त्यावरून सगळे चर्चकडे निघालेले. फुसीच्या कडेवर लुपेचं बाळ होतं.

"तिकडं कुठं? चर्च इकडं आहे!" ती ओरडली. "आज रविवार आहे, विसरलीस?"

"नाही विसरले."

ती आणखी काही बोलणार होती. बाळानं तिच्या कानातलं ओढलं, आणि ती त्याची मूठ सोडवू लागली.

चटईशिवाय मी आजवर देवापुढं किंवा माणसांपुढं कधी गेले नव्हते. किनाऱ्यावर कमरेची चटई सोडली, गुंडाळून डोक्यावर बांधली. प्रार्थना मनातल्या मनात सुरू केली आणि पाण्यात पाय घातला.