वाळूची नळी

"वर बॉम्ब पडला तरी आम्ही वाचतो," लेलँड जेवता जेवता फुशारकी मारत होता. मोंटानाच्या गव्हाच्या शेतांखाली, क्षेपणास्त्रं डागायच्या कोठडीत त्याची ड्यूटी असे. "कोठडी स्प्रिंगांवर टांगलीय, नुसती झुलेल. मग वर जाणारी, वाळूने भरलेली नळी उघडायची, वाळू आत सांडू द्यायची आणि खणत वर यायचं."

"वर येऊन काय करणार, कॅप्टनसाहेब?" त्याच्या बायकोने, व्हर्नाने विचारलं.

"घरी येणार! आणखी काय?"

इथेच गोष्ट संपती तर बरं झालं असतं.

"कुठल्या घरी, लेल?"

तो हसला, आणि मध्येच थांबला. शत्रू लष्करी तळालाही सोडणार नाही, हे नव्या पोरांना तोच शिकवायचा. त्यांचं घर तळाच्या कुंपणाला लागूनच होतं.

व्हर्नाने झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेतलं. बॅगा तिने आधीच भरल्या होत्या. "आईकडे ऑरेगॉनला चाललेय. रागावले नाहीये रे. पण इथे राहिलो तर वाचशील तो तू एकटाच."

लेकीचे बूट शोधून त्याने गाडीत ठेवले.

"रस्त्यावर बर्फ आहे," तो म्हणाला. "हळू चालव."