माझ्या पोटातली आमिनाबीची भांडी

मी फटफटीचं इंजिन बोलतोय. चाकं, टाकी, हँडल हे सगळं माझ्याभोवती कुणीतरी लावलेलं असतं; फटफट करतो तो मी. आवाज जरा घोगरा लागेल, कारण बरेच महिने घशाखाली पेट्रोल गेलेलं नाही. पण सांगायचं ते मी सांगणारच. बीडच्या बाजारात माझ्याबद्दल लोक काहीबाही बोलतात, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं.

जन्म माझा विलायतेतला. तिकडं मोठी लढाई चालू होती आणि निरोप पोचवणाऱ्या शिपायांसाठी मला ओतलं. एकच सिलिंडर, आत ओतीव लोखंडाचा जाडजूड पिस्टन. लढाई संपली तेव्हा मी अजून लाकडी पेटीतच होतो, तेव्हा शौर्याच्या गोष्टी माझ्याकडं मागू नका. पुढं बोटीनं मुंबई, रेल्वेनं हैदराबाद, आणि निजाम सरकारच्या एका इंजिनिअरसाहेबाबरोबर मी बीडला आलो.

साहेब अंगानं भारी आणि सदा घाईत. मला तेल न पाजता पळवायचा, आणि मी तापून थांबलो की मलाच शिव्या घालायचा. माणसांची ही खोड मी तेव्हापासून पाहतोय. स्वतःला तहान लागली की आधी घागरीकडं धावतात, आणि आम्ही तहानेनं बसलो की आम्हाला नाठाळ म्हणतात! शेवटी आतून काहीतरी तडकलं आणि मी कायमचा बसलो. तोवर साहेबाला मोटार मिळाली होती. मला डाकबंगल्याच्या मागच्या पडवीत लोटलं. तिथं चार वर्षं गेली. एका कोंबडीनं माझ्या अंगाशी घर केलं. विलायतेत जन्मलेल्याचं खुराडं झालं, आता काय बोलायचं!

फसली तेराशे अडतीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीसच्या सुमारास, डाकबंगल्याचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं आणि ते दुरुस्त करायला जलालुद्दीन मिस्त्री आला. उजवा पाय काठीसारखा ताठ. घड्याळ टिकटिकायला लागलं तेव्हा साहेबानं मेहनताना विचारला. मिस्त्रीनं कोंबडी हाकलली, माझ्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "मेहनताना नको साहेब. हे द्या."

"ते मेलेलं आहे," साहेब म्हणाला.

"असू द्या. मी बघतो."

चार वर्षांनी कुणाचा तरी हात माझ्यावर असा फिरला. लागलं, आणि बरंही वाटलं.

आता ह्या माणसाची अडचण सांगतो. जलालुद्दीन शिवणयंत्रं, घड्याळं, उसाचे लोखंडी चरक दुरुस्त करायचा. बीडमध्ये अशी यंत्रं थोडी. त्याची सगळी गिऱ्हाइकं घाटावर, मांजरसुंब्याच्या पुढं नेकनूर बाजाराकडची. दर बाजाराला तो पाठीवर हत्यारांची पिशवी टाकून घाट चढायचा. मग बारवेच्या पाण्यातून त्याला नारू झाला. तो किडा गुडघ्यातून दोऱ्यासारखा बाहेर यायला लागला आणि ओढताना तुटला. पाय महिनोन्‌महिने पिकला. बरा झाला तेव्हा गुडघा वाकत नव्हता. बैलगाडीनं जायचं तर एक दिवस जायला, एक यायला. हळूहळू घाटावरची लोकं त्याला विसरायला लागली.

त्याची बायको आमिनाबी. तिचा भाऊ फकीर महंमद हैदराबादेत कापडाचं दुकान चालवायचा. त्याचं पत्र आलं: दुल्हाभाईंनी इथं येऊन गल्ल्यावर बसावं, ईद झाली की मी स्वतः न्यायला येतो. भाऊ मायेचा होता, खोटं कशाला बोलू. पण ते पत्र ऐकून जलालुद्दीन दिवसभर जेवला नाही.

"माझा पाय गेलाय, आमिना," तो म्हणाला. "हात न्हाई गेले."

घरात दोघं दखनी उर्दू बोलायची. मी मराठीत सांगतोय, कारण मी भाषा शिकलो ती त्यांच्या दोस्ताकडून, बंकट ओताऱ्याकडून. बंकट बैलांच्या गळ्यातल्या पितळी घंटा ओतायचा आणि दिवसातून चार वेळा आमच्या अंगणात टपकायचा. त्या तिघांनी ठरवलं की मेव्हणा न्यायला यायच्या आत मला जिवंत करायचं आणि घाट चढवायचा. चढलो तर जलालुद्दीन बीडात राहणार, आपल्या कामावर. नाही चढलो तर सामान बांधायचं. एवढं सगळं माझ्यावर आलं. मी तर तेव्हा धड खोकतही नव्हतो!

मला खोलायची वेळ आली तेव्हा पहिली पंचाईत झाली. माझ्या पोटात बारीकसारीक इतक्या वस्तू, आणि कुठली कुठं बसते हे सांगणारं पुस्तक इंग्रजीत. तेही साहेबानं कधीच हरवलेलं. आमिनाबीनं आपली जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची वाकळ आणून अंगणात अंथरली.

"एक एक काढा आणि एका एका तुकड्यावर ठेवा," ती म्हणाली. "माझी वाकळ मला पाठ हाय."

आणि खरंच पाठ होती हो! स्प्रिंग गेली तिच्या निकाहच्या ओढणीवर, व्हॉल्व्ह अब्बांच्या शेरवानीवर, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे स्क्रू आईच्या हिरव्या पायजम्यावर. परत लावताना जलालुद्दीन अडला की ती चुलीजवळूनच ओरडायची, "ओढणीच्या आधी शेरवानी!" आणि ते बरोबर असायचं. मी विलायतेत कारखान्यात जुळलो, तिथं मोठमोठे नकाशे भिंतीवर होते. पण माझ्यावर इतका जीव लावून कुणी माझा नकाशा काढला नव्हता.

व्हॉल्व्ह त्यांनी कुरुंदाची पूड तेलात कालवून घासले, पार आरशासारखे होईपर्यंत. पिस्टन मात्र उभा तडकला होता. बंकट म्हणाला, "पितळेचा ओततो." जलालुद्दीननं मान हलवली. नगरच्या मोटारवाल्याकडं त्यानं एक मोडका पिस्टन हातात घेऊन पाहिला होता. जर्मनचा होता, म्हणजे ज्याला शिकलेले लोक ॲल्युमिनियम म्हणतात त्याचा, आणि पाखरासारखा हलका. तसला बसला तर हे इंजिन पूर्वीपेक्षा जोरात पळेल, नुसतं जिवंत होऊन थांबणार नाही, असं त्याचं म्हणणं.

"जर्मन आणायचं कुठून पण?" बंकटनं विचारलं.

कुठून ते तिघांनाही माहीत होतं. आमिनाबीच्या फळीवर चार जर्मनची पातेली आणि दोन थाळ्या चमकत होत्या. भावानं हैदराबादेहून दिलेल्या. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं तसली भांडी नव्हती. बायका मुद्दाम बघायला यायच्या. जलालुद्दीननं मान खाली घातली. तो मागणारा नव्हता.

आमिनाबी उठली. पातेली एक एक उतरवली, पदरानं पुसली आणि बंकटपुढं मांडली. "भावानं दिलेली भांडी भावाच्याच घरी परत न्यायची कावून? घ्या बंकटभाई." मग एक थाळी तिनं मागं ओढली. "ही राहू द्या. हंडीवर झाकायला काहीतरी पाहिजे."

त्या दिवसापासून ती मातीच्या हंडीत शिजवायला लागली.

बंकटनं घंटा ओततात तशाच मातीच्या साच्यात पिस्टन ओतला. चार वेळा फसला, पाचव्यांदा साधला. मग त्या दोघांनी घासून घासून तो माझ्या सिलिंडरमध्ये असा चपखल बसवला की विचारू नका. बंकटला भारी घमेंड. "केस गेला मधून तर नाव बदलीन! घंटेचा सांधा असो की ह्येचा, बंकटच्या कामात फट नसती."

तेल म्हणून मला एरंडेल पाजलं. माणसं त्याचा एक चमचा घेताना कसली तोंडं करतात! मी शेरभर प्यायलो आणि मस्त वाटलं.

सुरू करायची दुसरी पंचाईत. लाथ मारायची ती उजव्या पायानं, आणि मिस्त्रीचा उजवा पाय वाकत नाही. आमिनाबी बुरखा सावरून पुढं झाली आणि तिनं मारली लाथ. गल्ली हसायला लागली. बंकट भडकला. "कावून हसता बे? या की पुढं! मारा बघू!" एक पैलवान आला. मी उलटा झटका दिला तसा तो नळाच्या चिखलात जाऊन बसला. मुद्दामच दिला मी, कबूल करतो. आमिनाबीनं दुसरी लाथ मारली आणि मी बोललो. फट, फट, फट! जलालुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही उगीच भरून आलं.

रमजान लागायच्या चार दिवस आधी आम्ही घाटाला निघालो. तो पुढं, ती मागं, कारण तिच्याशिवाय मला सुरू कोण करणार? सपाटीला मी वाऱ्यासारखा गेलो. घाट लागला, अंग तापलं, आणि दुसऱ्या वळणावर कुणी आतून माझा गळा धरल्यासारखं झालं. चाक जागच्या जागी अडलं. ती दोघं कशीबशी सावरली. कडब्याच्या बैलगाडीवर घालून मला परत आणलं. वाटेत लोक हसले. घरी येऊन जलालुद्दीननं चाकाला सहज हात लावला तर ते गरगर फिरलं. सुटलं होतं! त्याला वाटलं, नशीबच खेळ करतंय.

"पत्र लिहितो," तो म्हणाला. "येतो म्हणून." पण लिहायला हात उचलेना, आज-उद्या करत राहिला.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. रोजा सोडायला थोडा वेळ होता. आमिनाबी हंडी उतरवून झाकणाची थाळी ओढत होती आणि थाळी निघत नव्हती. हंडीच्या तोंडात गच्च बसलेली. तिनं ती तशीच बाजूला ठेवली आणि खजूर मांडायला गेली. आली आणि नुसतं बोट लावलं तर थाळी उचलली गेली.

तिनं थाळी परत ठेवून उचलून पाहिली. मग हळूच म्हणाली, "अजी, ऐकता का? हे जर्मन तापलं की फुगतं. हंडी न्हाई फुगत तेवढी. रोज असंच होतं माझं. तुमचा पिस्टनबी तसाच तर न्हाई?"

जलालुद्दीननं आधी थाळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नंतर बंकटच्या नावानं अशी हाक मारली की तो अर्धी भाकरी हातात घेऊन पळत आला.

"अरे, आपण चुकलो ते फट ठेवली न्हाई म्हणून!"

बंकटचं तोंड बघण्यासारखं झालं. जन्मभर ज्या गोष्टीची फुशारकी मारली तीच नडली. "जलाल," तो कसानुसा हसत म्हणाला, "आता मला फट ठेवायला शिकव लेका."

फट मोजायची कशानं? जलालुद्दीननं कोनाड्यातलं मेव्हण्याचं पत्र काढलं आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. वरच्या अंगाला ताप जास्त, म्हणून तिथं दुहेरी कागद जाईल इतकी फट; खाली एकेरी. पंधरा दिवस दोघं घासत होते. जलालुद्दीनचे रोजे, म्हणून बंकटनंही कामाच्या वेळी पाण्याला तोंड लावलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. अशी माणसं मी विलायतेत पाहिली नाहीत आणि साहेबाच्या बंगल्यावरही पाहिली नाहीत.

ईदच्या तिसऱ्या दिवशी परत घाट. दुसरं वळण आलं. मी तापलो, आत जर्मन फुगलं, आणि त्याला ऐसपैस जागा मिळाली. तिसरं वळण. चौथं. जलालुद्दीन पुटपुटत होता, काय ते फक्त त्याच्या अल्लाला माहीत. मी जीव खाऊन ओढत होतो. आणि मांजरसुंबा आलं! आमिनाबीनं त्याच्या पाठीवर थाप मारली, भर रस्त्यात, बुरख्यातून. तिथून नेकनूरला गेलो तर एका चहावाल्यानं विचारलं, "मिस्त्री, कुठं गेलता इतके दिवस?" त्या एका बाजारात त्याला तीन शिवणयंत्रं मिळाली. एक तर पडद्यातल्या घरातलं, जिथं पुरुषाला आत जाता येत नव्हतं. तिथं आमिनाबी आत गेली आणि तिनं ते दुरुस्त केलं. मला जोडता-जोडता तिचा हात तयार झाला होता.

संध्याकाळी परतलो तर दारात छकडा उभा आणि ओट्यावर फकीर महंमद. आमची धूळभरली तोंडं बघून तो उभाच राहिला.

"दुल्हाभाई, माझं पत्र मिळालं ना?"

"मिळालं तर," जलालुद्दीन म्हणाला. "लई कामाला आलं."

"मग सामान बांधलं न्हाई अजून? आपा, भांडी तरी भर."

आमिनाबीनं नकाब वर केला. माझ्या तापलेल्या अंगाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "भांडी ह्याच्यात हायेत, भाईजान. आज घाटावर जाऊन आली."

फकीर महंमदनं वाकून माझ्या अंगाला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. मग त्यानं छकडेवाल्याला परत पाठवलं आणि मला सुरू करून दाखवा म्हणाला.

त्यानंतर चौदा वर्षं मी घाट चढलो. आता दुसरी लढाई चालू आहे, पेट्रोल मिळत नाही. जलालुद्दीन मागच्या पावसाळ्यात गेला. मी अंगणात लिंबाखाली पोत्याखाली असतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला. म्हणतो, लढाईला जर्मन पाहिजे. आमिनाबी त्याला दारातूनच वाटेला लावते. दर ईदला ती वाकळ अंथरते, मला एकटीच खोलते, पुसते, एरंडेल लावून परत जुळवते, आणि पिस्टन हातात घेऊन विचारते, "काय रे, माझ्या पातेल्यातला भात शिजला का?"

उद्या मी कुणाच्या हाती पडलो तर एवढंच करा. मला दगडावर खोलू नका, काहीतरी अंथरून त्यावर खोला. आणि त्या म्हातारीला कधी भांडी लागलीच, तर पिस्टन काढून तिला द्या. मी नुसतं लोखंड होऊन पडून राहीन, माझी काही तक्रार नाही. पण ती मागणार नाही, मला माहीत आहे.