काचेतली बाल्कनी

गादीवाल्यांनी वडिलांकडून दुकान घेतलं आणि दुकानाबरोबर एक नियमही घेतला: आडवं होऊन बघितल्याशिवाय काही घ्यायचं नाही. गादीच्या बाबतीत हे शहाणपणाचं आहे. पण गादीवाल्यांनी तो सोफ्याला लावला, मोटारीला लावला आणि एकदा बँकेतल्या बाकालाही लावला. तेव्हा बायकोने क्रूझचा विषय काढला तसे ते म्हणाले, "जाऊ की. पण आधी झोपून बघू."

बायकोचा भाऊ सहली ठरवून देणारा. त्याने कपाळावर हात मारला. "अहो भावोजी, जहाज असं झोपून बघता येत नाही. माणसानं आधी स्वतःला विचारावं. गर्दी आवडते की शांतता? रोज नटूनथटून जेवायला बसणार की पायजम्यात? बिनखिडकीची खोली चालेल की बाल्कनी हवी?"

"गादी कापसाची की स्प्रिंगची?" गादीवाल्यांनी विचारलं.

"दुकानातच बघा झोपून," मागच्या खोलीतून बायको म्हणाली. ती तिथे गाद्यांच्या खोळी शिवत असे. "बिनखिडकीची खोली, नटूनथटून जेवण आणि बाल्कनी, तिन्ही करून बघू. पण मध्येच गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही उठलात, तर मी माझ्या ताईला घेऊन जाईन."

ही नुसती धमकी नव्हती. थंड हवेच्या ठिकाणाहून गादीवाले दुसऱ्याच दिवशी परतले होते, कुणाला तरी उशा हव्या होत्या म्हणून. मुलीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठून त्यांना कोणती गादी बसेल म्हणून ते व्याह्यांची पाठ दाबून बघत होते. आणि ताईबरोबर कुठे जाऊन आली की बायको पुढे कितीतरी दिवस ताईचेच गोडवे गाई. गादीवाल्यांना तर स्वतः बायकोबरोबर जायचं होतं, अगदी मनापासून.

बिनखिडकीची खोली म्हणून गोदाम ठरलं. मेहुण्याने खडूने भिंती आखल्या, आत एक अरुंद पलंग टाकला आणि दोघं आडवी झाल्यावर दिवा मालवला. गादीवाले कुशीवर वळले तशी बायको धप्पकन खाली पडली. तिला वाचवायला ते अंधारात धावले आणि फोमच्या गुंडाळीत असे अडकले, की दोघांनी पाय धरून त्यांना ओढून काढलं. ती खोली बाद झाली.

मग थाटामाटाचं जहाज. गल्ल्याच्या टेबलावर मेणबत्ती लावून दोघं ठेवणीतल्या कपड्यांत जेवायला बसली. बायकोला झकास वाटलं. गादीवाल्यांचा लग्नातला कोट मात्र लग्नातल्याच मापाचा होता. पहिल्या घासाला त्याचं बटण उडालं ते थेट वाढप्या झालेल्या मेहुण्याच्या हातातल्या सूपच्या वाटीत.

"रोज नको," ते धापा टाकत म्हणाले, "एखाद्या संध्याकाळी ठीक आहे."

"कोट मी सैल करून देते," बायको म्हणाली.

राहिली बाल्कनी. ती मांडायला दुकानाच्या दर्शनी काचेमागची जागाच बरी, असं ठरलं. रविवारी, दुकान बंद असताना, गादीवाल्यांनी काचेमागचा मोठा पलंग आत ढकलला, दोन खुर्च्या मांडल्या आणि पुढ्यात निळी चादर पसरली. समुद्र झाला. दोघं बसली. काचेबाहेरून कचऱ्याची गाडी गेली.

"बघ, बोट," गादीवाले म्हणाले.

बायको हसली. गादीवाल्यांनी खुर्चीचा हात चाचपला. छताकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "हे निळं कापड खोळीला बरं आहे नाही?"

"आता समुद्रालाही खोळ शिवू का?"

"अगं, मग बोलू तरी काय?" गादीवाले एकदम कळवळून म्हणाले. "जन्मभर तुझ्याशी खोळी, माप, कापूस हेच बोललो. दुकान काढून घेतलं तर माझ्यापाशी आहे काय? तू कंटाळलीस तर? जहाजावरून तर पळूनही जाता येत नाही."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणून दर वेळी उठत होतात?"

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. सुटातला एक गृहस्थ आत ढकललेल्या पलंगावरच्या गादीकडे बोट दाखवत होता. मग त्याने दोन्ही हात फैलावले. पुष्कळ हव्यात. काचेला तोंड लावून ओरडला, "नवीन लॉज काढतोय! सगळ्या खोल्यांना!"

गादीवाल्यांचे गुडघे आपोआप सरळ झाले. त्या गुडघ्यांना वर्षानुवर्षांची सवय होती, त्यांना कोण अडवणार? ते अर्धे उठले. बायकोने फक्त मान वळवली आणि ती चादरीकडे बघत बसली. तिचा चेहरा मघाशी किती हसरा होता, हे गादीवाल्यांना तेव्हा कळलं.

ते धपकन खाली बसले.

"बंद आहे!" ते ओरडले.

"अहो, तुम्ही तर समोर बसलाय!"

"आम्ही समुद्रात आहोत! आठवड्यानं या!"

गृहस्थाने चादरीकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे बघितलं, आणि घाईघाईने पलीकडच्या फुटपाथवर गेला.

बायको हसता हसता खुर्चीवरून घसरली. तिला सावरायला गेलेले गादीवालेही घसरले, आणि दोघं निळ्या चादरीवर बसून डोळे पुसत राहिली. मग लॉजवाल्याची चाल, मग ताईचं घोरणं, मग व्याह्यांची पाठ, असं करत करत रस्त्यावरचे दिवे लागले तरी बोलणं संपेना.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. "बाल्कनीची खोली मिळाली, भावोजी. आणि हो, गादी कसली आहे तेही विचारून ठेवलंय."

"गादी कसली का असेना," गादीवाले म्हणाले. "बाल्कनीतल्या खुर्च्या जवळ ओढता येतात का, तेवढं विचार."